एकोणीस हजार पावलं

मित्रांनो, मी पावलं मोजणारा, मनगटावर बांधायचा एक जुना पट्टा आहे. जुना म्हणजे तीन वर्षांचा. तुम्हाला हसू येईल, पण आमच्या बिरादरीत तीन वर्षं म्हणजे साठी उलटली.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे मला दोन विद्या शिकवल्या, पावलं आणि नाडीचे ठोके मोजायच्या. माणूस तासभर बसून राहिला की थरथरून ‘उठा, चाला’ म्हणायचं, हा एक संस्कारही केला. एवढ्या शिदोरीवर मी नागपुरात आलो.

तिथल्या मिहान या उद्योगनगरीत नोकरी करणाऱ्या मेघाने मला तिच्या बाबांसाठी घेतलं. तिचे बाबा प्रेमानंद हे शहरालगतच्या वाडी भागातल्या एका गोदामात मुन्शी आहेत. ट्रक आला की खुर्चीतून नोंद करायची, ट्रक गेला की खुर्चीतून नोंद करायची. साखर इतकी वाढलेली की डॉक्टरांनी रोज सहा हजार पावलांची सक्ती केली होती.

“बाबा, तुमचे आकडे मले माझ्या फोनवर दिसतात,” मेघाने बजावलं. “बसून राहिले तर समजून जाईन.”

पहिल्या दिवशी मी चारशे बारा पावलं मोजली. त्यातली बरीचशी पोह्यांच्या ठेल्यापर्यंतची होती. तासातासाला मी थरथरायचो आणि मुन्शीजी माझ्यावर दुसरा हात ठेवून मला गप्प करायचे. आठव्या दिवशी त्यांनी मला काढलं आणि धोंडबाला हाक मारली.

धोंडबा त्याच गोदामातला हमाल. वय पंचावन्न.

“हा पट्टा घालून ठेव गा. संध्याकाळी परत देजो.”

“माह्या हाती काहून, मुन्शीजी?”

“तू तं दिवसभर चालतच राहते. तुले काय जड आहे?”

धोंडबा हसला. “पोते मालकाचे, पावलं तुमचे. मंग माह्याजवळ राहिलं काय?”

तरी त्याने मला बांधलं. त्या दिवशी मी एकोणीस हजार पावलं मोजली. खरं सांगतो, मला धन्य वाटलं. माझा जन्म ज्यासाठी झाला ते मनगट मला सापडलं होतं. मेघाने आकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. आत्याने फुलं पाठवली, काकांनी हार. मुन्शीजींनी सगळं नम्रपणे स्वीकारलं. त्यांची साखर मात्र खाली येईना. डॉक्टरांनी दोनदा आपलं यंत्र तपासून पाहिलं.

असे सात महिने गेले. धोंडबाला मी एकदाही ‘उठा’ म्हटलं नाही. तशी वेळच येत नसे.

एप्रिलमधल्या एका दुपारी जेवणाची सुट्टी संपली, तरी धोंडबा पोत्यांना टेकून बसूनच होता. बसल्या जागी त्याचे ठोके एकशे अठ्ठेचाळीस. मी तत्काळ खबर दिली. माझ्या खबरा जिथे जातात, तिथेच ती गेली. मेघाकडे.

मुन्शीजी समोसा खात होते. फोन वाजला.

“बाबा, छातीत दुखते काय? हलू नका! मी येऊन राहिली!”

“काहून? मले काय झालं?”

“तुमचे ठोके दीडशेपर्यंत गेले ना!”

मुन्शीजींनी आपल्या उघड्या मनगटाकडे पाहिलं. ‘यंत्र बिघडलं असंन’ एवढं म्हटलं असतं तर सात महिन्यांची अब्रू वाचली असती. त्यांनी समोसा खाली ठेवला.

“मेघा, तो हात माझा नाही वं,” ते म्हणाले. “धोंडबाचा आहे.”

आणि ते धावले. ती साठ-सत्तर पावलं त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची, पण कुठेही नोंदली गेली नाहीत.

त्याच वेळी, मित्रांनो, धोंडबाला बसून तास पूर्ण झाला आणि मी थरथरलो. उठा, चाला. बिचाऱ्याला वाटलं मुन्शीजींचा निरोप आला. घामाने निथळत, पोत्याला धरून तो उठू लागला.

“बस! बस गा, धोंडबा!” मुन्शीजी ओरडले आणि त्यांनी मला ओरबाडून काढलं.

“एक गाडी राहिली आहे, मुन्शीजी...”

“राहू दे!”

गोदामाच्या टेम्पोतून त्याला दवाखान्यात नेलं. हृदयाची लय बिघडली होती. आणखी एक गाडी उतरवली असती तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. धोंडबा वाचला.

त्याची बायको प्रयागबाई आली, तेव्हा मेघाने सगळं खरं सांगून हात जोडले. प्रयागबाईने मला उलटंपालटं करून पाहिलं.

“याले पावलं समजते. माणूस थकला, थे समजते काय वं?”

मेघाने मला तिच्या हातातून घेऊन पर्समध्ये ठेवलं.

आता मी पुन्हा मुन्शीजींच्या मनगटावर आहे. रोज तीन हजार, पण त्यांची स्वतःची. धोंडबाला मालकाने हलकं काम दिलं, तेही मुन्शीजी तीनदा भांडल्यावर.

मित्रांनो, शेवटी माझी निगा राखा अशी विनंती करायची रीत आहे. मला चार दिवसांनी चार्ज केलंत तरी पुरे. पण तुमच्या घरात, दारात, कामावर कोणी दिवसभर चालत असेल, तर त्याला पाणी द्या आणि ‘बस’ म्हणा. तेवढं तुम्हीच म्हणा. माझ्यात तो शब्द कोणी घातलेला नाही.