पत्ता उजवीकडे

डिंडोलीच्या चंचलला सुरतेतल्या उधन्याच्या धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी लागली, तेव्हा तिथे नुकताच कॉम्प्युटर आला होता. बारावीनंतर तिने कॉम्प्युटरचा क्लास केला होता, म्हणून पेशंटांना जाणाऱ्या कार्डांचं काम तिच्याकडे आलं.

त्या डिसेंबरात मोतीबिंदूचं शिबिर झालं. कामरेज, चलथाणकडची म्हातारी माणसं ऑपरेशन करून आपापल्या घरी गेली. टाके काढायला बडोद्याचे डॉक्टर यायचे होते, पण त्यांची तारीख अचानक अलीकडे, येत्या रविवारवर आली. तो दिवस चुकला तर ते महिनाभर पुन्हा येणार नव्हते. पेशंटांपैकी फोन कुणाकडेच नव्हता. दवाखान्याचं कामकाज पाहणाऱ्या योगराजभाऊंनी नव्या तारखेची कार्डं छापून घेतली आणि त्यांवर चिकटवायची पत्त्यांची लेबलं चंचलला करायला सांगितली.

लेबल सजवायला तिला फार आवडलं. मधोमध दवाखान्याचं नाव ठळक अक्षरांत, खाली दवाखान्याचा पूर्ण पत्ता, शेजारी डोळ्याचं चित्र, भोवती दुहेरी चौकट. पेशंटचं नाव-गाव वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत बसलं. माउसने एकेक तुकडा सरकवत तिने सगळं एका रेषेत आणलं. सोमवारी कार्डं पेटीत पडली.

गुरुवारी सकाळी पोस्टमन हिलालकाकांनी सुतळीने बांधलेला गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवला आणि ते पुढच्या गल्लीत निघून गेले. चंचलने वरचं कार्ड उचललं. तिचंच लेबल. खालचंही तेच. पोस्टाने एकूण एक कार्ड दवाखान्यालाच आणून दिलं होतं. तिने एक कार्ड हात लांब करून धरलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं. लांबून दिसत होता तो फक्त दवाखान्याचा पत्ता. कार्ड कुणाला पाठवलंय, हे कोपऱ्यात शोधावं लागत होतं.

नोकरी जाईल, याहून त्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत टाके तसेच राहतील, ही धास्ती मोठी होती. गठ्ठा घेऊन ती योगराजभाऊंकडे गेली आणि काय झालं ते तिने सरळ सांगितलं.

योगराजभाऊंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"मी पण बघितलं होतं हे," ते म्हणाले. "मलाही छानच वाटलं. परत आली हे बरं झालं बघ. भलतीकडे गेली असती, तर रविवारपर्यंत आपल्याला कळलंही नसतं."

चंचलच्या छातीवरचं ओझं अर्धं तिथेच उतरलं. ती परत कॉम्प्युटरपुढे बसली. चित्र काढून टाकलं, चौकट काढली. दवाखान्याचं नाव-पत्ता लहान करून डावीकडे वर नेला, आधी 'प्रेषक' लिहिलं. पेशंटचं नाव मोठं करून खाली उजवीकडे आणलं, गाव आणि तालुका वेगळ्या ओळींवर. मग साध्या कागदावर एक पान छापलं, स्टिकरच्या कोऱ्या पानावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरलं. शेवटची ओळ कापली जात होती. ती किंचित वर सरकवून तिने पुन्हा छापलं. आता सगळं नीट बसलं.

जुन्या लेबलांवर नवी चिकटवायला योगराजभाऊही बसले. दुपारचं टपाल निघायच्या आत ते स्वतः स्कूटरवरून गठ्ठा मोठ्या पोस्टात देऊन आले.

रविवारी दार उघडायच्या आधीच ओट्यावर माणसं बसलेली होती. कामरेजचे बरेचसे एकाच टेम्पोतून आले होते. चंचल नावांवर खुणा करत होती, पण चलथाणच्या धुरपदाबाईंचा अजून पत्ता नव्हता. बाई एकट्या राहत होत्या. दुपार झाली, डॉक्टर हात धुवायला उठले. तेवढ्यात ऊसतोडीच्या एका बाईचा हात धरून धुरपदाबाई फाटकातून आत आल्या.

"काल कार्ड उनं, पोरी," त्या खानदेशी बोलीत म्हणाल्या. "उशीर तर नाही ना झाला?"

"नाही, मावशी. बसा," चंचल म्हणाली.

डॉक्टर परत खुर्चीवर बसले. चंचलने शेवटची खूण केली, आणि सकाळपासून आपण काही खाल्लंच नाही हे तिला आठवलं. डबा उघडून ती ओट्यावर, उन्हात जाऊन बसली.