चाळीस मात्रांचा सूर

मी थाप मारली तेव्हा ती मला थाप वाटतच नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी डोळे वटारायला नकोत.

पितळी वाद्यांच्या शिबिराचा तो दुसरा दिवस होता. सुट्टीमुळे रिकामी झालेली एक शाळा, एकतीस पोरं, एकतीस वाद्यं आणि दहा दिवस. ट्युबावाले प्रयोगशाळेत, हॉर्नवाले वाचनालयात, ट्रॉम्बोनवाले जेवणघरात, कारण त्यांची नळी पुढे सरकली की समोरच्याच्या पाठीत बसते. आम्ही सहा ट्रम्पेटवाले दुसऱ्या मजल्यावर चित्रकलेच्या वर्गात. सकाळी दात घासायच्या आधीच लोक नुसता माउथपीस ओठाला लावून जिन्यावरून भुणभुणत हिंडायचे. फरशीवर जागोजाग पाण्याची थारोळी. ती थुंकी नसते, वाद्यात साचलेलं वाफेचं पाणी असतं, असं आम्ही सगळे शपथेवर सांगायचो. फरशी पुसणाऱ्या मावशींचा त्यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. मला विचाराल तर स्वर्ग याहून वेगळा नसणार.

त्या संध्याकाळी ऑफिसातल्या फोनवर घरी बोलायची माझी पाळी आली. आमच्या घरात कुणीच हळू बोलत नाही. बाबा छापखान्यात मशिनवर असतात, आत्या शाळेची बस चालवते आणि आईला त्या दोघांवर आवाज चढवायची सवय लागलेली. मला तर शाळेत ‘भोंगा’च म्हणतात. तर आत्या फोनवर ओरडली, “अगं, तो सोलो कुणाला मिळाला?”

शेवटच्या कार्यक्रमातल्या शेवटच्या तुकड्यात एका ट्रम्पेटला एकट्याने वाजवायचं होतं. त्याची चाचणी दुसऱ्या दिवशी होती. पण सहाजणांत सर्वांत वरचा सूर माझा लागत होता, सर्वांत मोठा आवाज माझा होता, मग आणखी कुणाला मिळणार?

“मग काय! मलाच,” मी ठोकून दिलं.

पलीकडे असा काही जल्लोष झाला की ऑफिसातल्या कारकुनाने मान वर करून पाहिलं. आत्या म्हणाली, “आम्ही तिघंही येणार. पहिल्या रांगेत बसणार. मी अख्खा सोलो फोनवर रेकॉर्ड करणार!”

दुसऱ्या दिवशी चाचणी झाली. वर्गात दोरीवर चादर टांगली होती. आम्ही चादरीमागून एकेक करून वाजवायचं आणि अलीकडे आमचे ट्रम्पेटचे मास्तर ऐकणार. म्हणजे कोण वाजवतंय ते दिसायला नको. मास्तरांचे खरे दात गेले तेव्हाच त्यांचं वाजवणं सुटलं. कवळीवर ट्रम्पेट टेकत नाही म्हणायचे. पण कान मात्र अजून जन्माचेच आहेत, असंही म्हणायचे. मी काचा हादरतील असं वाजवलं. माझं मलाच कौतुक वाटलं.

मास्तरांनी कागदावर पाहिलं आणि म्हणाले, “चौथा नंबर.”

चौथ्या नंबरला कुजबुजीने वाजवलं होतं.

कुजबूज म्हणजे माझ्या शेजारची खुर्ची. काटकुळी, चष्मेवाली, जेवताना मीठ मागायचं असलं तरी कानात येऊन मागणारी. तीन दिवसांत मी तिचं एक वाक्य पूर्ण ऐकलं नव्हतं. आणि ती सोलो वाजवणार! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी ट्रम्पेट पेटीत टाकला, पेटीच्या कड्या फाडकन लावल्या आणि जिना उतरून फाटकापर्यंत गेले. फाटकाशी गेल्यावर लक्षात आलं की जायचं कुठे? घरी तर पहिली रांग ठरली होती.

मास्तर मागून सावकाश चालत आले. मला वाटलं, समजूत घालतील. कसलं काय!

“झाला राग काढून? चल. तुला तिच्याहून अवघड काम आहे.”

“दुसरी खुर्ची ना? तिच्या हाताखाली वाजवायचं. माहितेय,” मी म्हणाले.

“दुसरी नाही, मदतनीस. त्या सोलोच्या शेवटी एक सूर आहे. चाळीस मात्रांचा. संथ. माणसाच्या छातीत तेवढा श्वास मावत नाही. अठराव्या मात्रेला तिचा श्वास संपायला येणार. तेव्हा तू त्याच सुरात आत यायचंस. ती थांबणार, श्वास घेणार, परत येणार, मग तू बाहेर. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की सूर एकच आहे आणि एकीचाच आहे.”

“म्हणजे मी वाजवायचं आणि कुणाला कळता कामा नये?”

“झोपलेलं बाळ एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर द्यायचं. ते जागं झालं तर तुझी चूक.”

मी मनात म्हटलं, हे चांगलंय! सोलो तिचा, टाळ्या तिच्या, आणि मी चोरासारखी आत-बाहेर करायची. पण घरी फोन करून खरं सांगायची माझी छाती होईना. सांगेन उद्या, असं रोज म्हणत राहिले आणि रोज फोनवर भलत्याच गप्पा मारल्या.

सरावाला मास्तर डोळे मिटून, पेन्सिल हातात धरून बसायचे. मी आत आलेली ऐकू आली की पेन्सिल वर. पहिल्या दिवशी बारा वेळा केलं आणि बाराही वेळा पेन्सिल वर गेली. शेवटच्या वेळी तर मी वाजवायच्या आधीच गेली.

“अजून मी वाजवलंच नव्हतं!” मी ओरडले.

“श्वास घेतलेला ऐकू आला,” मास्तर म्हणाले. “म्हैस उठून बसल्यासारखा.”

सगळा वर्ग खो खो हसला. मला राग यायला हवा होता, पण कुजबूज चष्मा काढून डोळे पुसत हसत होती आणि तिचं हसणं चक्क मोठ्याने होतं. ते ऐकून मलाही हसू फुटलं. हसताना ओठ कामाचे राहत नाहीत, त्यामुळे त्या दिवशीचा सराव तिथेच संपला.

मग आम्ही दोघी जेवण झालं की गच्चीच्या जिन्यात जाऊन बसायला लागलो. कुजबुजीने मला माझी चूक दाखवली. माझा प्रत्येक सूर जिभेच्या धक्क्याने सुरू व्हायचा. ‘त’ म्हटल्यासारखा. “जीभ लावूच नकोस,” ती माझ्या कानात म्हणाली. “नुसती हवा सोड. आधी हवा, मग हळूच सूर.” मी सोडली. फुस्स. नुसती हवा, सूर नाहीच. पुन्हा फुस्स. पंक्चर झालेल्या सायकलसारखी मी दोन दिवस फुसफुसत होते. ट्रॉम्बोनवाली पोरं खालून “पंप पाहिजे का?” म्हणून ओरडायची. तिसऱ्या दिवशी त्या हवेतून सूर आला. इतका बारीक की मला खात्री वाटेना. मी कुजबुजीकडे पाहिलं, तिने दोन्ही हात वर करून जिन्यात उडी मारली आणि तिचा गुडघा फुटला. गुडघा धरूनही ती हसत होती. मला ती पोरगी भयंकर आवडायला लागली, आणि तिचा सोलोसुद्धा. चादरीमागून मास्तरांनी बरोबर ऐकलं होतं. मी काचा हादरवत होते, ती मात्र गाणं वाजवत होती.

तरीही नवव्या दिवशी दहापैकी पाच वेळा पेन्सिल वर गेलीच. आणि घरी मी अजूनही काही सांगितलं नव्हतं.

दहाव्या दिवशी दुपारी चार वाजता शाळेच्या सभागृहात कार्यक्रम. साडेतीनला मी आणि कुजबूज दाराशी उभ्या होतो तर आत्याचा आवाज आधी आला आणि मग आत्या. मागे बाबा इस्त्रीच्या शर्टात, आई नवीन चपलांनी लंगडत.

“ही बघा आमची सोलोवाली!” आत्या दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग कुजबुजीचा गाल धरून, “तू हिची मैत्रीण का गं? तू पण वाजवतेस? छान छान. आमच्या हिचा सोलो नीट ऐक हं. शिकायला मिळेल.”

धरणी दुभंगावी आणि मी आत जावं असं मला झालं. कुजबुजीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग आत्याला मान डोलावून म्हणाली, “हो, ऐकते.” एवढंच.

स्टेजमागे मी तिच्याकडे पाहूच शकेना. “मी थाप मारली होती,” मी कसंबसं म्हणाले. “चाचणीच्या आदल्या दिवशी. नंतर सांगायचं धाडस झालं नाही.”

तिने ट्रम्पेटच्या कळा तीनदा दाबून बघितल्या. मग माझ्या कानाशी आली.

“लांब सुरात तू जरा मोठ्याने ये आत. आणि मी परत येणारच नाही. शेवट तूच कर. सगळे तुझ्याकडे बघतील. मी कुणाला काही बोलणार नाही.”

ती खरंच म्हणत होती. मला रडू आलं, पण ओठ सुजतात म्हणून रडले नाही.

तुकडा सुरू झाला. सोलोच्या आधीचा सगळा दणदणीत भाग मीच वाजवला, कुजबुजीचे ओठ ताजे राहावेत म्हणून. मग सगळे थांबले आणि तिने सुरुवात केली. काय वाजवलं पोरीने! एरवी मिठासाठी तोंड न उघडणारी, पण तिथे अख्ख्या सभागृहाशी बोलत होती. पहिल्या रांगेत आत्याने फोन वर धरला होता, पण तो माझ्याकडे की तिच्याकडे करावा हे तिला कळत नव्हतं. बाबांच्या कपाळावर आठी. ते नुसतं माझ्याकडे बघत होते, आणि माझा ट्रम्पेट मांडीवर होता.

लांब सूर लागला. एक, दोन, तीन. मी मोजत होते. दहाव्या मात्रेला मी ट्रम्पेट उचलला. बाबांची आठी एकदम गेली. आत्याने फोन माझ्यावर वळवला आणि आईचा दंड दाबला. खरं सांगते, मला मोह झाला. जिभेचा एक धक्का द्यायचा, बस्स. घरची अब्रू राहील, थाप खरी होईल आणि कुजबूज स्वतःच्या तोंडाने हो म्हणालेली. पंधरा. सोळा. तिच्या मानेवर शीर दिसायला लागली. तो सूर इतका सुंदर लागला होता की मला वाटलं, याला जर आत्ता धक्का लागला तर मी जन्मात ट्रम्पेट हातात धरू नये.

मी श्वास घेतला. म्हशीसारखा नाही. जीभ खाली ठेवली. नुसती हवा सोडली.

मी आत आले की नाही हे मलाही कळलं नाही. फक्त ओठ थरथरत होते आणि कुजबूज माझ्या शेजारी नाकाने श्वास भरून घेत होती, म्हणजे तो सूर आता एकट्या माझाच होता. सूर कुठेही हलला नाही. सव्विसाव्या मात्रेला ती परत आली, मी हवा कमी कमी करत गेले आणि बाहेर पडले. चाळीसपर्यंत ती एकटीच होती. विंगेत मास्तर डोळे मिटून उभे होते. पेन्सिल छातीशी, आडवी.

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. कुजबूज लाजून वाकायचंच विसरली. मी तिला पाठीत ढकललं तेव्हा कुठे वाकली.

खाली उतरले तर आमचे तिघं वाट अडवून उभे.

“तुझा सोलो म्हणाली होतीस ना?” बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज हळू होता, म्हणून मला जास्त लागलं.

“मला मिळालाच नव्हता. मी थाप मारली. चुकले, बाबा.”

“आणि मी त्या पोरीला शिकवायला गेले!” आत्याने कपाळावर हात मारला.

“मग दहा दिवस तू केलंस काय?” आईने विचारलं.

“त्या लांब सुरात मी होते. मधला तुकडा माझा.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आत्याने फोन काढला. तिघांनी डोकी जोडून, कान टेकवून तो सूर पहिल्यापासून ऐकला. मग परत ऐकला. मी श्वास रोखून उभी. चित्रात माझे गाल फुगलेले दिसत होते.

“कुठे?” आत्या म्हणाली. “हा सगळा तिचाच आवाज आहे. एकसारखा. तू नुसते गाल फुगवलेस.”

“नाही आत्या, खरंच मी वाजवलं!”

“पुन्हा थापा? बाबांना विचार. दादा, तुला ऐकू आली का रे ही?”

बाबांनी तिसऱ्यांदा ऐकलं. डोळे मिटून. मशिनचा एक दात सैल झाला तरी ज्यांना पलीकडच्या खोलीतून कळतं ते माझे बाबा. त्यांनी मान हलवली. “नाही बुवा. कुठेच जोड नाही.”

मी अशी काही किंचाळले की अख्खं सभागृह वळलं. आत्याच्या गळ्यात पडले, आईच्या नवीन चपलेवर पाय दिला, आणि कुजबुजीला हाताला धरून ओढत आणलं.

“आत्या, हिच्यासमोर परत म्हण. प्लीज. तेच म्हण!”

“काय म्हणू? वेड लागलंय का पोरीला?” आत्याला काही कळत नव्हतं, पण आवाज तिने तिचाच लावला. “अगं, तू त्यात कुठ्ठेच ऐकू आली नाहीस!”