चार बोटं जागा

मास्तर अर्धे गाडीत आणि अर्धे बाहेर असे ओणवे झाले होते, आणि त्यांनी मागच्या सीटवर आडवी अंथरलेली कापडाची पट्टी दारातून चार बोटं बाहेर येत होती. त्यांनी ती ओढून घेतली, पलीकडच्या दाराला नीट टेकवली, पुन्हा पसरली. पट्टी काही ऐकेना.

"भावोजी, गाडी घ्यायची आहे, तिला कपडे शिवायचे नाहीत," मेहुणा मागून म्हणाला.

जुन्या गाड्यांच्या आवाराचा मालक हसला. मास्तर हसले नाहीत. शिंप्याचा जन्म, सारं आयुष्य गळ्यात टेप घालून गेलेलं. मापाच्या बाबतीत त्यांना थट्टा कळतच नसे.

बायकोच्या उजव्या पायातली गाठ काढताना डॉक्टरांनी गुडघ्यात सळई घातली होती आणि तेव्हापासून तो पाय वाकत नव्हता. आठवड्यातून दोनदा तिला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, औषध चढवायला न्यावं लागे. एकही फेरी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बसची पायरी तिला चढवत नव्हती आणि टॅक्सीवाले पाय बघून वेग वाढवत. मागच्या सीटवर, दाराला पाठ टेकून, पाय लांब करून बसायचं, एवढीच एक रीत उरली होती. "अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," ती म्हणाली होती. "माझा पसरून झालाय. आता तुम्ही अंथरूण बघा."

म्हणून हा गाडीचा घाट. मेहुण्याने उभी हयात टॅक्सी चालवून नुकतीच विकली होती, आणि गाडीत ॲव्हरेज सोडून बघण्यासारखं काही असतं यावर त्याचा विश्वास नव्हता. ही छोटी गाडी नुसत्या पेट्रोलच्या वासावर चालते, असं तो सांगत होता. शेजारची मोठी गाडी ऐसपैस होती खरी, पण ती घटाघटा प्यायची. पांढरा हत्ती दारात बांधाल, असं त्याने दहादा ऐकवलं.

मास्तरांना पेट्रोलची भीती वेगळ्याच कारणासाठी वाटत होती. ते स्वतःला ओळखून होते. कापडाचा वीतभर तुकडाही न टाकणारा माणूस. गाडी खादाड निघाली, तर एखाद्या मंगळवारी आपल्याच तोंडून निघून जाईल, की आजची फेरी राहू दे, शुक्रवारी जाऊ. आणि ती लगेच बरं म्हणेल, तिचा स्वभावच तसा. मशीनवर बसल्या बसल्या हे मनात आलं की पाय थांबायचे आणि सुई कापडात तशीच रुतून राहायची.

पण छोटीत ती मावत नव्हती, त्याला काय करणार? पाठीपासून टाचेपर्यंतचं तिचं माप धरून त्यांनी ती पट्टी कापली होती. बायकोला टेप लावायची गरजच नव्हती. लग्नाच्या वर्षी एकदा माप घेतलं होतं, पुढे पोरं झाली तेव्हा अंदाजाने दोन-दोन बोटं वाढवलं, आणि मग ते माप डोक्यात पक्कं बसलं. गिऱ्हाइकाचं माप दर खेपेला नव्याने घ्यावं, हे त्यांनी आपल्या हाताखालच्या प्रत्येकाला शिकवलं होतं. घरच्या माणसाला कसलं आलंय माप?

मोठीच घेऊ, असं त्यांनी मालकाला सांगितलं. उद्या विसार देतो म्हणाले. घरी गेल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि आपणही येणार म्हणाली. आवार दोन गल्ल्या सोडून होतं, तरी मास्तर नको म्हणाले.

"मी काय कापडाचा तागा आहे, माझ्या पाठीमागे मोजायला?" ती म्हणाली. "बसायचंय मला, तर बघणारही मीच."

दुसऱ्या दिवशी ती कुबड्या टेकत आली. अंगात मास्तरांनीच शिवलेला राखाडी कोट होता. मोठ्या गाडीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. भावाला विचारलं, तुझी ती वासावर चालणारी कुठली? मग छोटीच्या सीटवर टेकली, हातांनी मागे सरकत सरकत गेली, पलीकडच्या दाराला पाठ लावली आणि पाय लांब केला.

मेहुण्याने दार लावलं. ते सहज लागलं. टाच आणि दार यांच्यामध्ये चांगली जागा उरली होती.

"भावोजी, तुमचं माप चुकलं," मेहुणा खुशीत म्हणाला आणि मालकाशी घासाघीस करायला टपरीवजा ऑफिसात गेला.

आपलं माप चुकत नाही, हे मास्तरांना ठाऊक होतं. पायाचं हाड काही आखडत नाही. मग आखडलं काय? त्यांनी पलीकडे जाऊन तिच्या पाठीमागचं दार हळूच उघडलं. ती जराशी मागे कलली, त्यांनी तिला खांद्याला धरून सावरलं. कोटाखाली खांदा हाताला टोचला. काखेपाशी कोटाची शिवण उलगडली होती आणि आतून धावदोरा दिसत होता. एक नव्हे, दोन ओळी. टाके लहान-मोठे, ओढलेले. मास्तरांच्या हाताचे ते नव्हते.

"कधीपासून आत घेते आहेस?" त्यांनी विचारलं.

"थंडी सुरू झाली तेव्हापासून."

"मला द्यायचा होतास. घरात शिंपी असताना..."

"तुम्ही माप घेतलं असतंत," ती म्हणाली.

इतके दिवस हे माणूस समोर वावरत होतं, आणि आपण डोक्यातल्या आकड्याशी संसार करत होतो. ऑफिसातून मेहुण्याने हाक मारून विचारलं, छोटीच ना? मास्तरांनी नुसती मान डोलावली. गाडी पेट्रोल कमी खाणार होती, एकही फेरी चुकणार नव्हती. ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते सगळं मनासारखं झालं होतं, आणि ही गाडी अपुरी पडली असती तर किती बरं झालं असतं, असं त्यांना वाटत होतं.

त्यांनी आपल्या अंगातला कोट काढला. बाह्या आत दुमडून, गिऱ्हाइकाला द्यायची असते तशी त्याची चौकोनी घडी केली आणि तिला थोडं पुढे घेऊन पाठ आणि दार यांच्यामध्ये बसवून दार अलगद लोटलं.

"झालं का बरोबर?" त्यांनी विचारलं.

तिने पाठ टेकून पाहिली. "अजून थोडी जागा आहे," ती म्हणाली.

मास्तरांनी खिशातून ती कापडाची पट्टी काढली, तिची घडी घातली आणि कोटाच्या मागे सारली.