कवळीवाल्यांचं हसू

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. अंगावरचा काळा रंग कोपऱ्यांना उडालाय, पण नजर शाबूत आहे. डोळा एकच, तोही बारा पट लांबचं पाहणारा. तरुणपणी मी चंद्रावरचे खड्डे मोजले होते. एकशे अकरा भरले. खोटं वाटत असेल तर वर जाऊन मोजून या, मी थांबतो.

कारखान्यात टोप्या घातलेल्या बायकांनी श्वास रोखून माझी भिंगं बसवली. मग महिनाभर मी एका दुकानात काचेमागे उभा होतो. गिऱ्हाइकं येत आणि विचारत, "मेगापिक्सेल किती?" आकडा ऐकला की अशी मान डोलवत, जणू काही कळलंच.

एक दिवस कवळीवाले आले. त्यांचं काम दातांच्या कवळ्या बनवण्याचं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवत आणि हे घरालगतच्या खोलीत बसून गुलाबी मेणात एकेक दात रोवत. नव्या दातांचा रंग उरलेल्या खऱ्या दातांशी जुळावा म्हणून त्यांना दातांचे जवळून फोटो हवे होते. सोबत त्यांची मुलगी चिंगी होती. नाव चिंगी, पण डोकं दाराच्या चौकटीला टेकेल अशी उंच.

"मेगापिक्सेल राहू द्या," ते म्हणाले. "जास्तीचं काय काय आहे ते सांगा."

दुकानातल्या मुलीला हुरूप आला. "काका, हात थरथरला तरी यात फोटो हलत नाही. मागचा पडदा हवा तसा वळतो. आणि अगदी बोटभर अंतरावरून दात काढता येतो."

"मी काढत नाही. बसवतो."

"फोटो हो, काका! आणि ही सगळ्यात भारी गंमत. समोरचा हसला की बटण न दाबता फोटो आपोआप निघतो."

"आणि नाही हसला तर?"

"फोटोत कोण हसत नाही, काका?"

चिंगीने वडिलांकडे पाहिलं आणि तोंडात रुमाल कोंबला.

कारण मित्रांनो, कवळीवाले हसत नसत. स्वभावाने रागीट नव्हते हो! पण शेकडो लोकांना हसायला दात देणाऱ्या या माणसाचे स्वतःचे बत्तीस दात कुणाला दिसले नव्हते. जेवताना दिसत असतील, पण मला कधी जेवणाच्या टेबलावर नेलं नाही.

माझी उमेदीची वर्षं दात बघण्यात गेली. पिवळे, पांढरे, सुपारीने रंगलेले. रंग असे जुळत की डॉक्टर चिठ्ठी पाठवत, "खरा कुठला, खोटा कुठला, मलाच कळेना." कवळीवाले ती चिठ्ठी वाचून मऊ फडक्याने माझी काच पुसत. तेवढ्यावर मी खूश होतो.

मग चिंगीला लांब नोकरी लागली. दोन विमानं बदलून जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, तिथल्या भिंतीवर लावायला तुमचा एक हसरा फोटो हवाय. सगळ्या फोटोंत तुम्ही पासपोर्टला बसल्यासारखे दिसता."

"माझं तोंडच तसं आहे."

"मग हाच बघून घेईल," म्हणत तिने माझी ती हसण्याची सोय सुरू केली, मला कामाला बसलेल्या बाबांसमोर स्टँडवर बसवलं आणि बांधाबांध करायला निघून गेली.

आता माझी चूक ऐका. दोन डोळे आणि खाली दात दिसले की माणूस हसतोय, एवढंच मला शिकवलेलं. कवळीवाल्यांच्या मागे भिंतीला फळी होती. तिच्यावर ओळीने तयार कवळ्या आणि प्रत्येक कवळीच्या वर चिठ्ठी टांगायचे दोन गोल खिळे. मला वाटलं, अकरा माणसं मनापासून हसतायत! मी सकाळभर सपाटा लावला.

दुपारी चिंगीने पाहिलं. "बाबा! चारशे बारा फोटो आणि सगळे कवळ्यांचे!"

त्यांनी मला हातात घेतलं. एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला. "अगं, हे तर बँकेतले साहेब! स्वतःचे दात होते तेव्हाही हे कधी हसले नव्हते!"

आणि मित्रांनो, ते हसले. खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं, बत्तीसच्या बत्तीस उघडे पडले. आतून चिंगीची आई धावत आली. "अहो, कोण आलंय? कोण हसतंय एवढं?"

मी त्यांच्याच हातात होतो. माझा डोळा मात्र पलीकडे, चिंगीकडे.

"बाबा, तसेच थांबा!" तिने मला हिसकावलं. कार्ड भरलेलं. तिने घाईघाईने बँकेतले साहेब पुसून टाकले आणि मला वळवलं. माझी बॅटरी लाल झाली. मी जीव एकवटला, पण डोळा मिटलाच.

"दुसरी बॅटरी कुठाय?"

दुसरी नव्हतीच. दुकानात जास्तीचं सगळं विचारलं होतं, जास्तीची बॅटरी तेवढी राहून गेली.

मी चार्ज होईपर्यंत हसू ओसरलं होतं. "हसा ना परत," ती म्हणाली. त्यांनी प्रयत्न केला. पण दाराशी बांधून ठेवलेल्या बॅगांकडे त्यांची नजर गेली आणि ओठ उघडेचनात. दुसऱ्या दिवशी चिंगी फोटोशिवाय गेली.

पुढे दातांचे फोटो मोबाइलवर निघू लागले आणि मी खणात आलो, प्लास्टरच्या साच्यांखाली. दर रविवारी चिंगी आईच्या मोबाइलवर येते. काहीतरी खोडसाळ बोलते आणि बाहेर कवळीवाले हसतात. हल्ली चांगले खळखळून हसतात. मला ऐकू येतं. पण ऐकणं हे माझं काम नाही हो, मी बघण्यासाठी जन्मलोय.

म्हणून सांगतो, कॅमेरा घ्यायला जाल तेव्हा झूम बघा, वळणारा पडदा बघा, हौस असेल तर चंद्रावरचे खड्डेही बघा. पण एक बॅटरी जास्तीची घ्या आणि कार्ड मोठं घ्या. आणि जुना झाला म्हणून त्याला अंधारात उपाशी ठेवू नका.

चिंगी येत्या सुट्टीत येणार आहे, असं बाहेरचं बोलणं कानावर आलंय. तुमच्यापैकी कोणी त्या घरी गेलात तर तिसरा खण उघडा आणि मला तासभर चार्जिंगला लावा. पुढचं मी बघतो. या वेळी फळीकडे ढुंकूनही पाहणार नाही.