दहापर्यंत मोजायचं

“यात औषध नाही, पोरी, नुसती हवा आहे,” म्हणत सावाकाकाने दम्याचा पंप माझ्या टेबलावर आपटला. “मेपासून ओढतोय. ढिम्म फरक नाही. आत्ता तुझ्या दवाखान्याच्या पाच पायऱ्या चढताना दोनदा थांबलो.”

“ओढून दाखव.”

“बहात्तर वर्षांचा आहे मी, यांका. आता श्वास घ्यायला तू शिकवणार?”

“दाखव म्हणते ना.”

त्याने टोपण काढलं, पंप तोंडात धरला, कळ दाबली आणि गपकन एक घोट घेतला. पुढच्याच क्षणी ओठांतून पांढरा धूर बाहेर आला. थोडं औषध जिभेला लागलं, बाकीचं खोलीत उडालं. पाच महिने हा माणूस भिंतींचा दमा बरा करत होता.

चूक माझीही होती. मेमध्ये मी त्याच्या हातात पंप दिला, सोबतचा कागद दिला आणि ‘वाच’ म्हणून मोकळी झाले. एकवीस वर्षं या डोंगरात नर्स आहे मी. लाज वाटली.

तो घोट मात्र माझ्या ओळखीचा होता. सावाकाका गायदा वाजवतो. बोकडाच्या अख्ख्या कातड्याची पिशवी काखेत घ्यायची, नळीतून फुंकून ती भरायची आणि कोपराने दाबत सूर काढायचा. वाजवणारा चटकन श्वास चोरतो आणि लगेच पिशवीत ओततो. पंचावन्न वर्षं त्याने तेच केलं. आमच्याकडचे सगळे गायदावाले पंप असाच ओढतात. छातीत काही ठेवायचं असतं, हे त्यांच्या गावीही नसतं.

यंदा मात्र त्याची गायदा मेपासून खिळ्याला लटकत होती. आणि सेव्दा गाव सोडून निघाली होती. चाळीस वर्षं ती त्याच्या गायदेवर गायली. दोघांची लग्नं वेगवेगळ्या घरांत झाली, दोघांचेही जोडीदार आता वरच्या टेकडीवर पुरलेले. ऑक्टोबरात संत पेत्काच्या सणाला तिचा मुलगा येऊन तिला कायमची प्लोव्हदिव शहरात नेणार होता. जाण्याआधी एक गाणं, एवढंच तिने सावाकाकाकडे मागितलं होतं.

“सणाला किती दिवस आहेत, काका?”

“तीन आठवडे. म्हणून तर आलो! चार फुंकरा मारल्या की डोळ्यांपुढे काजवे.”

मी एक रिकामा पंप सरावासाठी काढला. “मग ऐक. आता तू वाजवणारा नाहीस. तू पिशवी आहेस.”

“सरळ बोकड म्हण ना.”

“ते गाव म्हणतंच. नवी हवा भरायच्या आधी पिशवीचं काय करतोस?”

“शिळी हवा पिळून काढतो.”

“तशी छाती पिळ. पण आधी पंप हलव. हं, आता नळीभोवती ओठ घट्ट. श्वास आत घ्यायला लाग आणि त्याच वेळी दाब. हळू, काका! कुणी पाठीमागे लागलंय का? ओढत राहा, पार तळापर्यंत. आता पिशवीला झडप कशासाठी असते?”

तोंड मिटलेलं होतं, म्हणून त्याने हातानेच दाखवलं: आलेलं परत जाऊ नये म्हणून.

श्वास तसाच धरायला सांगून मी दहापर्यंत मोजू लागले. चारच्या आकड्याला त्याला ठसका लागला. मग सहाला. दहा जमल्यावर खरा पंप दिला. या वेळी धूर आला नाही.

“आता चूळ भर.”

“रकियाच्या दारूने?”

“पाण्याने!”

“म्हणजे शिक्षाच की.”

मी बोलावलं नव्हतं, तरी तो रोज सकाळी मला दाखवायला यायचा. दुसऱ्या आठवड्यानंतर तो पायऱ्यांवर थांबेनासा झाला. एका दुपारी उतारावरून गायदेचा आवाज आला, तेव्हा मी इंजेक्शनची सुई हातात धरून तशीच उभी राहिले.

सणाच्या दिवशी सेव्दाच्या अंगणात गाडी भरलेली होती: गोधड्या, मुरंब्याच्या बरण्या, भिंतीवरचं घड्याळ. सावाकाकाने सकाळचा डोस मुद्दाम राखून ठेवला होता. त्याने पंप हलवला, ओढला आणि ओठ मिटले. बाकावर बसलेली सेव्दा मोजू लागली.

“सात... आठ... चोरू नकोस, सावा... दहा.”

मग पिशवी भरली. सेव्दाचा आवाज पहिल्याच उंच सुराला चिरकला, पण ती थांबली नाही. तिसऱ्या कडव्यात सावाकाकाने नळी तोंडातून काढली आणि सावकाश श्वास घेतला. कोपर पिशवी दाबत होतं आणि सूर तुटला नाही. मला रडू आवरेना. ती दोघं एकमेकांकडे बघतही नव्हती.

गाडी गेली.

नोव्हेंबरात तो दवाखान्यात आला. “नवा पंप लिहून घे डॉक्टरांकडून. हा संपत आला.”

मला वाटलं होतं, गाणं झालं, आता हा पंप कोनाड्यात फेकेल.

“गायदा वाजवतोस का रे काका?”

“कुणासाठी? आहे खिळ्याला.” तो टोपी हातात फिरवत राहिला. “सकाळी आठला तिचा फोन येतो.”

“काय बोलता एवढं रोज?”

“बोलत काही नाही,” सावाकाका म्हणाला. “ती मोजते, मी धरतो.”