तीस हजार एकतीसची पाटी

आमचं दुकान गाड्यांच्या नंबरपाट्यांचं. दादा पत्र्यावर आकडे ठोकायचा, मी रंग भरायचे, आणि रंग वाळेपर्यंत आम्ही दोघं भावंडं त्या नंबरावर तुटून पडायचो: ह्याला कशाने भाग जातो? ते कळल्याशिवाय पाटी दाराबाहेर जायची नाही. कशानेच भाग गेला नाही, म्हणजे मूळ संख्या निघाली, की दाराशी टांगलेली घंटा वाजवायची. गिऱ्हाइकं वैतागायची. दादा म्हणायचा, "घाई असेल तर चालत जा की!"

मग दादाला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणं मात्र गेलं. डॉक्टर म्हणाले, शब्द येतील, किंवा येणारही नाहीत. दादाला किती समजतंय तेही सांगता येत नाही. वहिनी रोज त्याला दुकानात आणून बसवायची. मी रोज नंबर मोठ्याने वाचायचे, आणि हा बाबा आपला भिंतीकडे बघत बसायचा. माझा जीव तीळतीळ तुटायचा.

त्या सकाळी एक टॅक्सीवाला आला. त्याला गाडीची नाही, टॅक्सी युनियनच्या नंबराची पाटी हवी होती: ३००३१. रंग भरता भरता मी उडालेच!

"दादा, अरे काय नंबर आलाय बघ! दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सगळ्यांचा गुणाकार तीस हजार तीस. आणि हा त्याहून एकाने मोठा! म्हणजे ह्यांतल्या कुणानेही भागा, एक उरणारच!"

"ताई, पाटी वाळली का?" टॅक्सीवाला म्हणाला.

"थांबा हो! मूळ संख्या लागलीये तुम्हाला, पाटी काय घेऊन बसलात!" आणि मी घंटा दणादण वाजवली.

मागे धाडकन आवाज झाला. दादाने टेबलावर मूठ आपटली होती. चेहरा लालबुंद.

"ए... एको..."

"दादा?"

"एकोणसाठ!"

मी ब्रश टाकला. हाताला लागला त्या पत्र्याच्या तुकड्यावर भागाकार मांडला. पाच. शून्य. नऊ. बाकी काही नाही! एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ, बरोब्बर तीस हजार एकतीस! त्या सहा जणांपलीकडेही मूळ संख्या असतात, हे मी शहाणी साफ विसरले होते.

"गाढव," दादा म्हणाला. अगदी स्पष्ट.

आयुष्यात मला इतकं गोड कुणी काही म्हटलं नव्हतं. रंगाच्या हातांनीच मी त्याला मिठी मारली.

"म्हणजे नंबर खराब निघाला का?" टॅक्सीवाला घाबरून म्हणाला.

"खराब? अहो, सोन्यासारखा नंबर आहे तुमचा!"

वहिनीला फोन लावला, तर ती आधीच हबकली. "काय झालं ह्यांना?"

"काही नाही गं, तू नुसतं ऐक." फोन दादाच्या कानाला लावला. त्याने ओठ जुळवले, पण आवाज फुटेना. ह्याला फक्त आकडेच बोलता येणार की काय?

"अहो?" पलीकडून वहिनी म्हणाली.

"अगं," दादा म्हणाला.

पलीकडून रडण्याचा आवाज आला, आणि तो काही केल्या थांबेना. दादा फोन दोन्ही हातांनी धरून पुन्हा पुन्हा विचारत होता, "अगं... ऐकतेस ना?"