सातशेची शिट्टी

रायभानची शिट्टी म्हणजे मेंढरांना हुकूम. वाटूरच्या फाट्यावर त्यानं काठी आडवी धरली की कळप थांबायचा, अन् एक लांब शिट्टी घातली की मुकाट रस्ता ओलांडायचा. चाळीस वर्षं हेच चाललं. मंग कान गेले. मागच्या पोळ्याला मागून आलेला टेम्पो त्याला ऐकू आला न्हाई, दोन मेंढ्या चिरडल्या. पोरगा आदिनाथ आईला, सखूबाईला म्हणाला, "अजून एक गेली, की बिलकुल सगळी इकून टाकायची. उद्या बापच जायचा गाडीखाली."

पोराचं काय चुकलं? पण मेंढरं इकल्यावर हा माणूस चार महिने काढायचा न्हाई, हे सखूबाईला पक्कं ठाऊक होतं.

नवीन जालन्यात डॉक्टरनं कान तपासले अन् मशीनचे सांगितले पस्तीस हजार. तेबी एका कानाचे! "अगं माय!" म्हणत सखूबाई खालीच बसली. फुकटच्या शिबिरात नाव लिहून दिलं, फोन येईल म्हणाले. सहा महिने झाले, फोन कुठला येतोय! शेवटी बुडत्याला काडीचा आधार म्हणून तिनं बाजारातून सातशेचं मशीन आणलं.

म्हाताऱ्यानं ते कानात घातलं अन् लेकरासारखा हसला. "सखू, कुत्रं भुंकून राह्यलं बघ!" सखूबाईला रडूच फुटलं.

मशीन कानात बराबर बसत नव्हतं. मधूनच चीं करून शिट्टी मारायचं, हात जवळ नेला की जास्तच. रायभानला ती ऐकू यायची न्हाई, बारीक आवाजाला त्याचे कान कवाच मेले होते. सखूबाई म्हणाली, वाजू दे मेलं, कुणाचं काय बिघडतंय?

चौथ्या दिवशी ती भाकर घेऊन फाट्यावर आली. पलीकडं रायभान काठी आडवी धरून उभा, मागं कळप, अन् परतूरकडून भरधाव ट्रक. तेवढ्यात मशीन किरकिरलं. पुढच्या बांड्या मेंढीनं कान टवकारले, एक पाय डांबरावर टाकला.

आता कळलं सखूबाईला. "अवं, काढा ते कानातलं! काढा!" ती जीव तोडून ओरडली.

रायभानपर्यंत आवाज पोचला, शब्द पोचले न्हाईत. त्याचा चेहरा खुलला. किती वर्षांनी बायकोची हाक रस्त्यापल्याडून ऐकू आली! अजून नीट ऐकावं म्हणून त्यानं कानावर हाताचा पंजा धरला.

मशीननं लांब शिट्टी घातली.

बांडी रस्त्यावर उतरली. अन् मेंढरंच ती, तिच्यामागं सगळी उतरली. रायभान काठी तशीच आडवी धरून, हसत विचारत होता, "आं? काय म्हणतीस, सखू?"